पोरगी मॅडम

माझ्या सेवापुस्तकात प्रशिक्षणांचं एक पान आहे. एकात्मिक बालविकास योजनेत मुख्य सेविका म्हणून लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत जेवढी प्रशिक्षणं झाली, ती सगळी तिथं तारीखवार लिहिलेली आहेत. पायाभूत, उजळणी, पोषण, संगणक, आपत्ती व्यवस्थापन, शेवटी शेवटी पोषण ट्रॅकर. आमच्या कारकुनाचं अक्षर सुरेख, त्यामुळं पान बघायला छान दिसतं. पण ज्या शिक्षणामुळं मला माझं काम कळलं, ते या पानावर नाही. त्याला मंजुरी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, प्रवासभत्ता तर नव्हताच. ते देणारी बाई माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची होती आणि आमच्या सेविका तिच्या माघारी तिला ‘पोरगी मॅडम’ म्हणायच्या. पुढं तोंडावरही म्हणायला लागल्या. तिनं ते खुशाल चालवून घेतलं, म्हणून इथंही तेच लिहिते.

गोष्ट डहाणू तालुक्यातली. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्याच्या आधीची, आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो तेव्हाची. माझं बीट पूर्वेकडच्या वारली पाड्यांचं. १९९२ साली पलीकडच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली, आणि तेव्हापासून आमच्या भागात वजनकाटा हेच खात्याचं दैवत होऊन बसलं. त्यात गैर काही नव्हतं, पोरं जगवायची होती. पण भेटीला गेलं की नजर आधी काट्याकडं, मग तक्त्याकडं, मग आहाराच्या साठ्याकडं. पोरांकडं वळेपर्यंत परतीच्या जीपची वेळ झालेली असायची. त्यातून जे पोर चालत नाही, बोलत नाही, सारखी लाळ गाळतं, ते अंगणवाडीत यायचंच नाही. नाव पटावर असे. घरी न्यायचा आहार त्याच्या नावानं जाई. वजन घ्यायला सेविका घरी जाई. कागद पुरा होता आणि पोर पडवीत गोधडीवर पडलेलं.

अपंगत्वावरचं प्रशिक्षण आम्हांला त्याआधी मिळालं नव्हतं असं नाही. पंचायत समितीच्या सभागृहात एकदा झालं होतं. १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार आमच्याकडून घोकून घेतले होते. त्यातला एक ‘कुष्ठरोगमुक्त’. तीन वर्षांच्या पोरांत कुष्ठरोगमुक्त कसा शोधायचा, असं एका सेविकेनं विचारलं तेव्हा व्याख्यात्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. चहा झाला, सह्या झाल्या, बायका शेवटची एसटी पकडायला पळाल्या.

पोरगी मॅडम आली ती मुंबईच्या एका छोट्या संस्थेतर्फे. विशेष शिक्षिकेचं शिक्षण झालेलं, खांद्याला कापडी पिशवी, पायात पावसाळी चपला. आमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी तिला माझं बीट दिलं, कारण मी वाद घालत नाही असा माझा लौकिक. सभागृह तेच, सेविका त्याच. तिनं पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. लांबट ठोकळ्याला भोकं आणि त्यांत बसणारे लहानमोठे दट्टे. जुन्या बालवाड्यांत असायची तसली. पेटी तिनं एकीकडून दुसरीकडं फिरवली आणि विचारलं, “ही कोणासाठी बनली असेल?”

हुशार पोरांसाठी, शहरातल्या पोरांसाठी, इंग्रजी शाळेसाठी, अशी उत्तरं आली. मग तिनं जी हकिगत सांगितली ती मी तोवर ऐकली नव्हती, आणि बालशिक्षणात उभा जन्म काढलेल्या पुष्कळांनी ऐकलेली नसते असं पुढं लक्षात आलं. मारिया माँटेसरी रोममध्ये डॉक्टर झाली आणि सुरुवातीला काम करू लागली ते ‘मंदबुद्धी’ म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांमध्ये. इटार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी जे केलं होतं, ते तिनं अभ्यासलं, त्यांच्या साधनांत भर घातली, आणि ती मुलं शिकताना दिसली. मग तिच्या मनात आलं, ही मुलं एवढं शिकतात तर बाकीच्या शाळांतली धडधाकट मुलं मागं का? १९०७ साली सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिनं बालघर काढलं ते त्यानंतर. तिची पद्धत गिजुभाई बधेकांनी भावनगरला आणली, ताराबाई मोडक तिथं जाऊन शिकल्या आणि त्यांनी ती महाराष्ट्रात रुजवली.

“म्हणजे ही पेटी ज्या पोरांसाठी घडली,” ती म्हणाली, “तीच पोरं आज बालवाडीच्या बाहेर आहेत, आणि पेटी आत.”

सभागृहात कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतून आमची सगळ्यांत जुनी सेविका उठली. निवृत्तीला आलेली, चष्म्याला दोरी. डहाणूत राहून कोसबाडचं नाव ठाऊक नाही असं माणूस विरळा. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अंगणवाडी ही सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली. पाड्याच्या अंगणात जाऊन भरवायची वाडी इथं त्याच्या कितीतरी आधी भरत होती. ही सेविका तरुणपणी अनुताईंच्या हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, “पोर येत नसलं तर वाडी पोराच्या दारी न्यायची, असं आम्हांला शिकवलेलं. गुरं राखणारी पोरं येत नव्हती तर कुरणात शाळा भरवली. मग चालता न येणारं पोर येत नाही, त्याचं काय, हे आम्हांला कोणी विचारलंच नाही.” आणि खाली बसली. माझ्या मते त्या दिवसाचं प्रशिक्षण तिथंच झालं. उरलेला वेळ पोरगी मॅडमनं तिच्याकडून जुन्या आठवणी काढून घेतल्या. शिंपले, करंजाच्या बिया, सागाची पानं, चिंचोके यांची साधनं कशी करायचे ते ती सेविका सांगत होती आणि मुंबईची बाई वहीत उतरवून घेत होती.

सभागृहात ती पुन्हा फारशी आलीच नाही. तिची रीत वेगळी. आज बसून बोलायचं, मग एक काम देऊन जायचं, आणि पुढच्या खेपेला थेट अंगणवाडीत येऊन त्या कामाचं काय झालं ते बघायचं. पहिलं काम असं: एक पोर निवडा, ते जेवायला बसल्यापासून हात धुवेपर्यंत त्याच्याकडं बघा, आणि जे दिसलं तेवढंच लिहा.

सोपं वाटलं. वह्या आल्या त्यांत लिहिलेलं: ‘हट्टी आहे.’ ‘लक्ष नाही.’ ‘आई लाड करते.’ ‘डोक्यानं कमी.’ तिनं एकेक वही उघडली आणि हसत हसत विचारत सुटली. “हट्ट कुठं दिसला? हातात, की पायात? लक्ष नाही, मग कुठं होतं? तिकडं काय होतं?” सेविका आधी चिडल्या. आमच्यातली एक तर मला म्हणाली, “बाई, आम्ही वीस वर्सं पोरं सांभाळली, आता ही पोरगी आम्हांला बघायला शिकवणार?” पण दुसऱ्या खेपेच्या वह्यांत फरक होता. ‘डाव्या हातानं घास उचलतो, तोंडाशी नेतो, निम्मा सांडतो. उजवी मूठ उघडत नाही. पाणी पिताना खोकतो.’ ‘हाक मारली, वळली नाही. कोंबडी आत शिरली तेव्हा वळली.’ अशी वाक्यं. मुख्य सेविका म्हणून मी हजारो रजिस्टरं तपासली आहेत, पण रजिस्टर वाचता वाचता त्यातलं पोर डोळ्यांपुढं उभं राहिलं ते पहिल्यांदा त्या वह्यांत. पुढं मी माझ्या भेटीच्या नोंदवहीतही तसंच लिहायला लागले. एका साहेबांनी त्यावर ‘नमुन्यात नाही’ असा शेरा मारला. मी नमुन्यात हवं ते लिहून खाली हेही लिहीत राहिले. वाद न घालण्याचा फायदा असा असतो.

पाणी पिताना खोकणारा तो मुलगा चार वर्षांचा. जन्माच्या वेळी रडला नव्हता, असं आजी सांगे. आई-बाप चिकूच्या वाडीत कामाला, सांभाळ आजीकडं. वजनाच्या तक्त्यात तो कायम तीव्र कमी वजनाच्या पट्ट्यात. खाऊ घातलं जात नव्हतं असं मुळीच नाही. आजी दिवसभर पेज घेऊन बसायची. पोरगी मॅडम त्यांच्या पडवीत जाऊन बसली आणि आजीला म्हणाली, नेहमी भरवता तसं भरवा. आजीनं त्याला मांडीवर आडवं घेतलं, मान मागं गेली, आणि वाटीनं पेज तोंडात ओतली. निम्मी बाहेर, थोडी घशात, थोडी चुकीच्या वाटेनं. पोर निळं पडेपर्यंत खोकलं. दर पावसाळ्यात त्याची छाती का भरते, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते त्या पडवीत समोर दिसत होतं.

तिनं आजीला चूक म्हटलं नाही. विचारलं, “आजी, तुम्ही मान वर करून, छताकडं बघत पाणी पिऊन दाखवा बरं.” आजीनं करून बघितलं, ठसका लागला, आणि दोघी हसायला लागल्या. मग तिनं त्याला टेकवून बसवलं, हनुवटी किंचित छातीकडं, चमचा समोरून आणि खालून, अर्धाच भरलेला, आणि गिळेपर्यंत थांबायचं. थांबायचं हे सगळ्यांत अवघड. पेज दाट करून घेतली, कारण पातळ पदार्थ अशा घशाला आवरत नाही. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे पोराची मूठही त्यावर बसेल.

आता टेकवून बसवायचं कशात? मुंबईत तसल्या खुर्च्या मिळतात, किमती ऐकल्या तर आमच्या महिन्याच्या पगाराएवढ्या. आमच्याकडं काय, तर चिकूची कॅरेटं. घोलवड-डहाणूच्या वाड्यांतून प्लॅस्टिकच्या कॅरेटांत चिकू भरून जातात. फुटकी कॅरेटं कुठंही पडलेली असतात. तिनं एक धुऊन घेतलं, पुढची बाजू करवतीनं कापली, कडा घासल्या, त्यांवर चिंध्या गुंडाळल्या. पोराला आत बसवून दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या, मांड्यांच्या मधे एक छोटी उशी, म्हणजे पाय एकमेकांवर चढत नाहीत. तरी पावलं लोंबकळत होती. पायांखाली तिनं एक वीट ठेवली, वर गोणपाट. पावलं टेकली. आणि आम्ही बघत होतो तोवर त्याची ती कायम वळलेली उजवी मूठ सैल झाली. उघडली नाही पुरती, सैल झाली. “धड डगमगत असलं की हात सगळा वेळ स्वतःलाच धरून ठेवण्यात जातो,” ती म्हणाली. “आधी बूड आणि पाय घट्ट करा, मग हात मोकळा होतो.”

कॅरेटसकट पोर अंगणवाडीत यायला लागलं. आजी डोक्यावर कॅरेट आणि कडेवर नातू अशी यायची. वजनाचा काटा हलला. माझ्या साहेबांना तेवढंच दिसलं आणि तेवढ्यावर खूश झाले. मला दिसलं ते हे की इतकी वर्षं आम्ही त्या पोराच्या वजनावर आहाराचा उपाय करत होतो आणि दुखणं बसण्यात होतं.

आजीचा प्रश्न मात्र एकच, “बाय, चालंल कधी?” पोरगी मॅडम गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, “कदाचित नाही चालणार आजी. पण हातानं जेवंल, आणि तुम्हांला हाक मारंल.” आजी भगताकडंही जात होती. त्यावर सेविका तिला रागवायच्या. ही म्हणाली, “भगताकडं मंगळवारी जा. बाकीचे दिवस इथं आणा.” आमच्या कोणत्याच प्रशिक्षणात भगताचं काय करायचं हे सांगितलेलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि पाडा भिवंडीकडं वीटभट्ट्यांवर निघाला, दरवर्षी निघतो तसा. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, गोधड्या, आणि त्यांवर ते निळं कॅरेट. पोरगी मॅडमला कळलं तेव्हा तिनं भट्टी कुठली, जवळची अंगणवाडी कुठली, याची चौकशी केली, पण वर्षाच्या मधेच नवं नाव दाखल करून घ्यायला तिथं कोणी तयार नव्हतं. पावसाच्या तोंडावर पोर परत आलं तेव्हा त्याचे गुडघे आखडलेले होते. आम्ही पुन्हा सुरुवात केली. या कामात अशी माघार किती होते, हे यशोगाथा छापणारे कधी छापत नाहीत.

दुसरं ऋण आमच्या एका मदतनीस मावशींचं, आणि ते पोरगी मॅडमनंच मला दाखवलं. त्या अंगणवाडीत एक मुलगा होता, पाच वर्षांच्या आतला, दिसायला राजबिंडा. बोलायचा नाही, कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि जेवणाच्या वेळेला किंचाळून पळ काढायचा, तो थेट ओढ्यापर्यंत. सात प्रकारांपैकी एकाही रकान्यात तो बसत नव्हता. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. एकवीस प्रकारांची यादी २०१६ च्या कायद्यानं आली. सेविकेनं त्याच्या वडिलांना सांगून टाकलं होतं की याला घरीच ठेवा, ओढ्यात पडला तर जबाबदारी कोणाची? तिचंही खरं होतं. एक सेविका, एक मदतनीस, तिसेक पोरं, आणि चूल पेटलेली.

पोरगी मॅडमनं वहीचं काम सेविकेबरोबर मावशींनाही दिलं. मावशींना लिहिता येत नव्हतं. “मग सांगा,” ती म्हणाली. मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “तो भुकंला पळत नाही. तो ताटांना पळतो.” स्टीलची ताटं शहाबादी फरशीवर टाकायची, ती खणखण वाजली की पोर कान दाबून सुटायचं. सेविकेला ते दिसलं नव्हतं, मला दिसलं नव्हतं, पोरगी मॅडमलाही दिसलं नव्हतं. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून गोणपाटाची पट्टी अंथरून त्यावर ताटं मांडायला सुरुवात केली. मग कधीतरी त्यांनीच त्याच्या हातात ताटं दिली, की तूच मांड. स्वतः ठेवलेल्या ताटाचा आवाज कधी येणार हे त्याला ठाऊक असायचं. तो मांडायला लागला, ओळीत, एकही ताट वाकडं नाही. पोरगी मॅडमनं त्याच्यासाठी दिवसभराची चित्रं एका दोरीला चिमट्यांनी लावली: आधी प्रार्थना, मग खेळ, हात धुणं, जेवण, घरी जाणं. झालं की चिमटा काढायचा. पण तीच सांगायची, “चित्रांची दोरी पुस्तकात सापडते. गोणपाट मावशींचं.”

प्रशिक्षणं सेविकांची होतात. मदतनीस ताटं धुते, पोरांना शौचाला नेते, घरून उचलून आणते, रडणाऱ्याला कडेवर घेते. पोराच्या अंगाला दिवसभरात सर्वांत जास्त तिचा हात लागतो, आणि तिला सभागृहाच्या दारात कोणी उभं करत नाही. मी त्यानंतर माझ्या बीटच्या मासिक सभेला मावशींनाही बोलावायला लागले. त्यांच्या चहाचे पैसे कुठल्या खर्चात टाकायचे हा प्रश्न निवृत्तीपर्यंत सुटला नाही.

एक कान नसलेली मुलगीही होती. म्हणजे कान होते, वाहत होते, ऐकू कमी. तिच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या तर ती वळायची, म्हणून सगळ्यांचं मत की ऐकू येतं. पोरगी मॅडमनं दाखवलं की टाळीचा वारा मानेला लागतो, ताट आपटलं तर जमीन हादरते, सावली हलते. पोर त्यावर वळतं. तिनं सेविकेची जागा बदलली. सेविका दाराकडं पाठ करून बसायची, तोंड अंधारात. उजेड तिच्या तोंडावर पडेल असं तिला फिरवलं, मुलीला समोर पहिल्या ओळीत घेतलं, आणि गाणं म्हणताना तक्त्याकडं वळायचं नाही असं बजावलं. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी झाली, यंत्र मिळालं. बाकीचं त्या मुलीनं स्वतः केलं, ती फार खटपटी होती.

पोरगी मॅडम हे सगळं कुठून शिकली, असं मी तिला एकदा विचारलं. जीप यायची होती, आम्ही चारोटी नाक्यावर चहा घेत बसलो होतो. ती म्हणाली की तिनं वाट धरली ती मुंबईत मिथू अलूर यांचं काम बघून. अलूरबाईंनी आपल्या मुलीसाठी म्हणून १९७२ साली मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांची संस्था काढली. पुढं लंडनला जाऊन जो अभ्यास केला तो आमच्याच खात्याचा: सहा वर्षांखालच्या ‘सर्व’ मुलांसाठी असलेल्या या योजनेतून अपंग मुलं कशी निसटतात. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ती न दिसणारी मुलं आहेत. मी इतकी वर्षं त्या योजनेत नोकरी करत होते आणि माझ्या खात्यावर लंडनला प्रबंध झाल्याचं मला चारोटी नाक्यावर कळलं.

तिच्या संस्थेचा प्रकल्प संपला. निधी संपला की प्रकल्प संपतो, पोरांची वयं मात्र चालू राहतात. ती त्यानंतरही शनिवारची येत राहिली, गाडीनं डहाणू रोडला उतरून, स्वतःच्या पैशानं. मी प्रवासखर्च द्यायला गेले तर घेतला नाही. चिकू घेतले, आणि तेही ओरडत, की ताई इतके कोण खाणार! तिची मला ‘ताई’ म्हणायची पद्धत, आणि मी तिला एकेरी हाक मारावी हा हट्ट. खात्यातली माझी निम्मी नोकरी ‘मॅडम, मॅडम’ करण्यात गेली. माझ्याहून लहान माणसाकडून शिकायचं आणि तरी त्याला ‘अगं’ म्हणायचं, ही मोकळीक मला नवी होती. पुढं तिचं लग्न झालं, ती परप्रांतात गेली, तिथं हेच काम करते. फोन येतो. मी पाया पडते असं म्हटलं की रागावते.

आता चित्र बरंच पालटलंय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला: लक्षणं लवकर ओळखा, मुलाला अंगणवाडीत आणि गावात सामावून घ्या, आशा-परिचारिका आणि आरोग्य पथकामार्फत पुढं पाठवा. ‘पोषण भी पढाई भी’ म्हणून सेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात हे शिकवतात. मी ती पुस्तिका वाचली. आमच्या वेळी असती तर मी ती उशाला घेऊन झोपले असते. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रशिक्षण संपतं, आणि चौथ्या दिवशी अंगणवाडीत कोण येतं? त्या दारात उभं राहायचं काम मुख्य सेविकेचं. तिची नेमणूक त्यासाठीच आहे, नवीन पद काढायची गरज नाही. तिला मोबाईलमधली माहिती भरण्यातून आठवड्यातला एक दिवस सोडवा आणि एका पोराशेजारी जमिनीवर बसू द्या, असं मी निरोपाच्या सभेत बोलले. टाळ्या पडल्या. माहिती भरायची शेवटची तारीख त्याच सभेत जाहीर झाली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या बीटच्या मुख्य सेविकेनं मला मासिक सभेत बोलावलं, की त्या कॅरेटचं दाखवा. मी घरून कॅरेट, करवत, चिंध्या घेऊन गेले. कापून, बांधून दाखवलं. सगळ्या माना डोलवत होत्या. एक नवी सेविका, बारावी झालेली, पाड्यातलीच, हात वर करून उभी राहिली. “बाई, कॅरेट नको. आमच्या इथं एका आयेनं फेकून दिलं. म्हणली, माझं पोर काय चिकू आहे?”

सभेत हशा पिकला. मी विचारलं, मग तू काय केलंस? तिचे सासरे सुतारकाम करतात. तिनं त्यांच्याकडून एक छोटी खुर्ची करून घेतली होती, आणि तीच एक नव्हे, तशाच चार, म्हणजे त्या पोराची वेगळी दिसू नये. बाकीची पोरं त्यांवर बसायला भांडतात, पाळी लावावी लागते. मी पिशवीतून वही काढली आणि तिला मापं विचारली. ती सांगत गेली. बैठक जमिनीपासून आठ इंच, पाठ बैठकीपासून एक फूट, दोन्ही बाजूंना सहा इंचांचे हात, मधली खुंटी काढघाल करता येईल अशी, तिला वरून कापूस आणि रेक्झिन. “पाय पुढं घसरतात म्हणून खाली फळी मारलीय,” ती म्हणाली, “पण ती खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूनं लावा, पोर वाढलं की खाली घेता येते. आणि लाकूड विकत घेऊ नका. सासऱ्यांनी जुन्या दाराचं काढलंय.”